काळं पडतं म्हणजे लोह? साफ चूक!

वांगं चिरलं आणि काळं पडलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा, त्यात लोह आहे." सफरचंदाची फोड तांबूस झाली, लोह. कच्चं केळं, बटाटा, काजूचा बोंडू, सगळ्यांना उत्तर एकच. अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला तर या समजुतीला खास कोकणी पुरवणी मिळते: आमची जमीन जांभ्याची, जांभा लाल तो लोहामुळे, मग त्यात वाढलेल्या फळात लोह उतरणारच! ऐकायला बिनतोड वाटतं. नुसती गप्पांपुरती चूक असती तर सोडून दिली असती. पण अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना याच आधारावर "वांगी खा, सफरचंद खा" असं सांगितलं जातं, तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी आकडे बघू. 100 ग्रॅम सफरचंदात लोह असतं साधारण 0.12 मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे नुसत्या सफरचंदांवर भागवायचं तर रोज चोवीस किलो खावी लागतील. वांग्याची स्थिती थोडी बरी, तरी 100 ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच. उलट मसुरात आणि हळिवात याच्या कितीतरी पट लोह असतं, आणि ते भिजवून ठेवले तरी काळे पडत नाहीत. रंगावरून लोह ओळखायचं, तर ही उलटी गंगा कशी?

मग काळं पडतं ते काय? फिनॉल गटातली संयुगं. वांग्यात आणि सफरचंदात क्लोरोजेनिक आम्ल असतं, बोंडूत आणि आवळ्यात टॅनिन. तोंडात जो तुरटपणा घोळतो तो टॅनिनचाच. झाडाच्या पेशीत ही संयुगं एका कप्प्यात असतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, दुसऱ्या कप्प्यात. विळीचं पातं फिरलं की कप्पे फुटतात, दोघं पेशीरसात एकत्र येतात, वरून हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि काम सुरू होतं. या विकरात धातू असतो, हे खरं. पण तो लोह नव्हे, तांबं आहे! लोहवाल्यांनी निदान धातू तरी बरोबर निवडायचा होता.

पुढची गोष्ट पेशीरसातल्या पाण्यात घडते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. फिनॉलच्या कड्यावरचा हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन सहज सोडतो. तो गेला की मागे एक एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरतो. असा एकटा इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या रेणूला रॅडिकल म्हणतात. फिनॉलचं रॅडिकल स्वस्थ बसत नाही: ते दुसऱ्या रॅडिकलशी जुळतं, किंवा आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून क्विनोन होतं. विकर तर थेट क्विनोनच बनवतं. हा क्विनोन उरलेल्या फिनॉलला भेटला की पुन्हा रॅडिकल तयार होतात. शेवटी हे सगळे तुकडे एकमेकांना आणि प्रथिनांना चिकटत जातात आणि तपकिरी-काळे, पाण्यात न विरघळणारे मोठे रेणू बनतात. वांग्याच्या फोडीवरचा काळा थर तो हाच.

पटत नसेल तर घरी करून पाहा. सफरचंदाच्या चार फोडी करा. एक तशीच ठेवा. दुसरी दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून काढा. तिसरीला लिंबू चोळा. चौथी मिठाच्या पाण्यात बुडवा. तासाभराने पहिली तांबूस झालेली असेल, बाकीच्या तिन्ही बऱ्याच उजळ. उकळल्याने विकर मोडतं, लोह मोडत नाही. लिंबाची आंबटाई विकराला मंदावते आणि त्यातलं क जीवनसत्त्व क्विनोनला परत फिनॉल करून टाकतं. मीठ विकराला अडवतं आणि पाणी हवेला. रंग लोहाचा असता तर उकळलेली फोडही काळवंडायला हवी होती.

आता जांभा. अंजनवेलचा गोपाळगड किल्ला ज्या पठारावर उभा आहे तिथल्या दगडात लोह भरपूर आहे, यात वाद नाही. पण ते ऑक्साइडच्या रूपात आहे, म्हणजे जवळजवळ न विरघळणारा गंजच. मुळं त्यातून गरजेपुरतं लोह सोडवून घेतात. जमीन लाल म्हणून फळात लोह साठत नाही. बोंडूच्या रसाचा जो डाग शर्टावरून जन्मभर जात नाही, तोही टॅनिनचाच. टॅनिनचा रंग पाहायचा तर कोळ्यांची पूर्वीची सुती जाळी आठवा. ती आईनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत आणि जाळं गडद तांबूस-तपकिरी होई. सालीतलं टॅनिन धाग्यात मुरतं, हवेने काळवंडतं आणि सूत कुजण्यापासून वाचवतं. नायलॉन आलं आणि तो उद्योग संपला.

लोहवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लोखंडी विळीवर आवळा चिरला की निळसर काळा रंग चढतो, तिथे खरोखरच लोह असतं. पण ते विळीचं! टॅनिन लोहाला घट्ट धरतं, हवेने त्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि शाई तयार होते. टॅनिनवाला हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून शाई करत ती याच तत्त्वावर. स्टीलच्या सुरीने आवळा चिरा, ही शाई जवळपास दिसणार नाही.

आणि आता खरी मेख. टॅनिन लोहाला जसं विळीवर धरतं तसंच पोटातही धरतं, आणि असं बांधलेलं लोह अंगी लागत नाही. हरेल आणि सहकाऱ्यांनी 1999 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पावासोबत पाण्याऐवजी काळा चहा घेतल्यावर लोहाचं शोषण 79 ते 94 टक्क्यांनी घटलं. म्हणजे काळं पडणं ही लोहाची खूण तर नाहीच, लोह अडवणाऱ्या घराण्याची खूण आहे. फिनॉल वाईट असा याचा अर्थ नाही. आवळा खाच, त्यात क जीवनसत्त्व आहे आणि ते लोहाच्या शोषणाला मदत करतं. फक्त काळ्या रंगाकडे पाहून रक्त वाढल्याचं समाधान मानू नका.

किरकोळ गैरसमज झटपट उरकू.

'काळी पडलेली फोड विषारी.' नाही. चव आणि थोडं जीवनसत्त्व जातं, एवढंच. बुरशी आली असेल तर मात्र फेका.

'शहाळ्याचं पाणी गुलाबी झालं, म्हणजे काहीतरी टोचलंय.' नाही. उघडून ठेवलेल्या पाण्यात फिनॉलचं ऑक्सिडीकरण झालं की तसा रंग येतो.

'रॅडिकल म्हणजे कारखान्याचं विष.' खाडीच्या उथळ पाण्यावर ऊन पडलं तरी हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि पालापाचोळ्यातून उतरलेल्या फिनॉलची कडी फोडतात. आपल्या पांढऱ्या पेशीही जंतू मारायला रॅडिकलच वापरतात.

'कोकमात अँटिऑक्सिडंट आहेत, जितकं प्याल तितकं चांगलं.' सरबत आवडतं म्हणून प्या. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून अन्नाची प्रतवारी लावणारा असा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये मागे घेतला, कारण ते आकडे शरीरात तसेच लागू पडत नाहीत.

'लोखंडी कढई हाही भ्रमच.' हा मात्र भ्रम नाही. इथियोपियातल्या मुलांवरच्या, 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या चाचणीत लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नाने हिमोग्लोबिन वाढलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा थकवा आणि धाप वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या नेमाने घ्या, पण चहाबरोबर नको. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. ताटात मसूर, हळीव, तिसऱ्या, मासळी येऊ द्या आणि त्यावर लिंबू पिळा. वांग्याची भाजी खुशाल करा, चवीसाठी.