समाजमाध्यमे आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात त्यांचे पाच-सहा महिने जातात. त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली मात्र बीड, अंबाजोगाई, माजलगाव, केज येथील वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. आईवडिलांची खुशाली त्यांना कळते ती भ्रमणध्वनीवरून. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, नोकरीची जाहिरात हेही त्याच यंत्रावर येते. अशा विद्यार्थ्याला 'मोबाईल टाकून दे' असा उपदेश करणे व्यर्थ होय. परंतु तेच यंत्र रात्रीची झोप आणि मनाची शांतता हिरावून घेऊ लागले तर काय करावे, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जात आहे.

खेड्यापर्यंत पोहोचलेले माध्यम

मराठवाड्यातील तरुणांना उच्च शिक्षणाचे दार १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाने खुले केले. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये आज याच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या, विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१६ नंतर इंटरनेट सेवा स्वस्त झाली आणि समाजमाध्यमे खेड्यापर्यंत पोहोचली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे वर्ग बंद पडले, तेव्हा अनेक पालकांनी उसनवारी करून मुलांना मोबाईल घेऊन दिले. पुढे वर्ग सुरू झाले. हाती आलेला मोबाईल मात्र हातीच राहिला.

'असर' या शैक्षणिक पाहणीने २०२३ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाचा अभ्यास केला. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलामुलींनी पाहणीपूर्वीच्या आठवड्यात समाजमाध्यमांचा वापर केला होता. शिक्षणाशी संबंधित कामासाठी त्याचा उपयोग करणारे सुमारे दोन-तृतीयांश होते. हीच पिढी आता महाविद्यालयांत आहे.

सवय कशी जडते?

या सवयीचा सारा दोष विद्यार्थ्याच्या दुबळ्या मनोनिग्रहावर टाकणे योग्य नव्हे. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते आणि वाचक थांबतो. समाजमाध्यमांत मात्र बोट सरकवावे तसा नवा मजकूर येत राहतो. 'आता पुरे' असे सांगणारी खूण कोठेच नसते.

दुसरे कारण अनिश्चित लाभाचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल हे अनिश्चित असले म्हणजे पक्षी अधिक चिकाटीने चोच मारीत राहतो, असे त्यांना आढळले. आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली, हे पुनःपुन्हा पाहणाऱ्या तरुणाची अवस्था याहून फारशी निराळी नसते. माध्यम चालविणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून असल्याने वापरणारा जितका वेळ गुंतेल तितका त्यांचा लाभ अधिक.

अतिरेक कशास म्हणावे?

केवळ तासांच्या मोजणीवरून अतिरेक ठरत नाही. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठात तयार झालेली मोजपट्टी सहा लक्षणे पाहते: मनात सतत तोच विचार असणे, वापर वाढतच जाणे, दुःख विसरण्यासाठी त्याचा आधार घेणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, मोबाईल नसता बेचैन होणे आणि अभ्यास वा नातेसंबंधांची हानी होणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळांच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान आहे. समाजमाध्यमांच्या अतिवापराला तसे स्वतंत्र स्थान नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यावर 'व्यसनी' असा शिक्का मारणे अनुचित ठरेल.

मनावर होणारा परिणाम

पहिला आघात झोपेवर होतो. रात्री एक-दीड वाजेपर्यंत जागलेला विद्यार्थी सकाळच्या तासाला शरीराने हजर असला तरी मनाने नसतो. दुसरा परिणाम तुलनेचा. इतरांच्या यशाची आणि सहलींची निवडक चित्रे पाहून, स्पर्धा परीक्षेत अपयश आलेल्या आणि घरच्यांच्या कष्टांची जाणीव असलेल्या तरुणाला आपणच मागे राहिलो असे वाटू लागते. एकाकी विद्यार्थी मोबाईलकडे वळतो आणि मोबाईलमुळे आणखी एकाकी होतो, असे हे दुष्टचक्र आहे.

हे चक्र मोडता येते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने तीन आठवडे तीन समाजमाध्यमांचा वापर प्रत्येकी दररोज दहा मिनिटांवर आणला. त्या गटातील एकाकीपणा व खिन्नता कमी झाली. विशेष म्हणजे, वापर न घटविता केवळ त्याची नोंद ठेवणाऱ्या दुसऱ्या गटाचीही चिंता काही प्रमाणात उतरली.

उपाय आपल्या हाती

तेव्हा पहिला उपाय हिशेबाचा. मोबाईलमध्येच दिसणारी वापराची नोंद रोज पाहावी. अनावश्यक सूचना बंद कराव्यात, झोपताना यंत्र अंथरुणापासून दूर ठेवावे, आईवडिलांच्या फोनसाठी आवाज तेवढा चालू असावा.

सामूहिक निश्चयाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, असा प्रघात पडला. एकट्याने मोबाईल बाजूला ठेवणारा काहीतरी चुकते आहे या धास्तीत राहतो. सर्वांनीच ठेवला की ती धास्ती उरत नाही. वसतिगृहांना हा मार्ग सहज अनुसरता येईल. त्या वेळेत वाचनालय आणि क्रीडांगण खुले असणे मात्र आवश्यक आहे.

मनाचा भार असह्य झाल्यास मदत मागण्यात कमीपणा नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य समुपदेशन मिळते. बोलणे मराठीतूनही करता येते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

उसाच्या फडातून रात्री केलेला आईचा फोन आणि मध्यरात्रीपर्यंत सरकणारी चित्रांची रांग, दोन्ही एकाच पडद्यावर येतात. त्यांतील पहिल्यासाठी वेळ राखून दुसऱ्याला मर्यादा घालणे, हे विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांनी मिळून साधावयाचे काम आहे.