राणीसाहेबांचा मुक्काम कुठे?

मधपेटीत माश्या हजारो, राणी एकच. तिला हुडकायला परसातले हौशी मधपाळ भर दुपारी चौकटीमागून चौकट उपसत बसतात. वर उजेड टाळणारी राणी पोळ्याच्या दुसऱ्या बाजूला पसार!

एवढा खटाटोप कशाला? पोळ्याच्या घरांच्या तळाशी नजर टाका. ताजं अंडं उभं असतं, मग हळूहळू कलंडतं, आणि तिसऱ्या दिवसाच्या शेवटी त्यातून अळी निघते. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी नुकतीच इथून गेली. पेटी बंद करा.

तरीही दर्शन हवंच असेल तर तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात. त्याचा ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रम आहे. वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. पाच रंग पुरतात, कारण पाच वर्षांपुढे राणी क्वचितच जगते. म्हणजे ठिपक्यात ओळखही आली आणि जन्मसालही!

राणीने मधाच्या कोठीत अंडी घालू नयेत म्हणून तिला आवरायचं ते राणीजाळीने. खाली पिलाव्याची कोठी, वर मधाची, मध्ये जाळी. मेलिफेरा माशीसाठी तिची फट जेमतेम सव्वाचार मिलिमीटर. कामकरी माश्या सटकतात, राणी अडते. अडते ती पोटामुळे नव्हे, छातीमुळे. आपली देशी सातेरी माशी अंगाने लहान, तिला फट आणखी अरुंद लागते. नरही जाळीत अडकतात, ते वर कोंडले जाऊ नयेत हे पाहावं लागतं. काही मधपाळ तर जाळीला मध अडवणारी म्हणून नावं ठेवतात. कामकरी माश्या वर जायला कुरकुरतात, असा त्यांचा दावा.

सातेरीला बिऱ्हाड हलवायची भारी खोड, म्हणून नवी वसाहत भरली की काही दिवस दारावरच राणीला बाहेर न सोडणारं राणीगेट बसवतात. कुमारी राणी आत असेल तर मात्र ते काढायलाच हवं. तिचं लग्न पेटीबाहेर, हवेत लागतं. हे प्रयोगांनी दाखवून १७९२ मध्ये पुस्तकात मांडणारे स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा युबेर अंध होते! पाहण्याचं काम त्यांचा सेवक ब्यूर्नां करायचा.

आणि पेटीत एकाहून अधिक राण्या असल्या तर? बाहेर पडलेली कुमारी राणी लांबट ‘टूट टूट’ करते, घरात कोंडलेल्या बहिणी आखूड ‘क्वॅक क्वॅक’ने उत्तर देतात. तेव्हा संध्याकाळी पेटीला कान लावला तरी पुरे.