अहवालात काम दिसावं, बाई नाही



वर्ष संपलं की आपण बचत गटाचा हिशोब वाचून दाखवतो. एचआयव्ही रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थाही तसाच वार्षिक अहवाल छापतात. आपल्या पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’ २००१ पासून एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळते. अशी कामं लोकांच्या मदतीवर चालतात, म्हणून हिशोब द्यावाच लागतो. पण एक फरक आहे. गटाच्या वहीत नाव लागतंच, या अहवालात ते चालत नाही.

एकदा अशाच एका अहवालाचा मजकूर मी तपासत होते. फोटोतल्या बाईच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती. खाली गावाचं नाव आणि ‘विधवा, दोन मुली, शिलाईकाम’. लहान गावात अशा कितीजणी असणार? आम्ही ते पान काढलं. ती ओळखली गेली असती, तर तिचं औषधाला जाणं थांबलं असतं. ते बघून शेजारणीही तपासणीला गेल्या नसत्या. म्हणजे एचआयव्ही रोखणाऱ्या अहवालानंच काम मागे नेलं असतं.

विश्वासानं सांगितलेली ही माहिती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय उघड करू नये, असं २०१७ चा कायदाही सांगतो.

मग अहवाल मांडायचा कसा?

मुखपृष्ठावर चेहरा नको. लाल फीत, शिबिराचा मंडप, कार्यकर्तीची पिशवी चालेल.

आकडे गावाचे नकोत, जिल्ह्याचे द्या. रकान्यात एक-दोनच जणी येत असतील, तर तो रकाना दुसऱ्यात मिळवा.

किती सभा झाल्या एवढ्यावर थांबू नका. किती गरोदर बायकांची तपासणी झाली, किती जणांचं औषध सुरू झालं आणि टिकलं, ते लिहा.

‘एड्सग्रस्त’, ‘बळी’ हे शब्द टाळा. ‘एचआयव्हीसह जगणारी’ म्हणा.

शंभर रुपयांतले किती कुठे गेले, ते सोप्या तक्त्यात दाखवा.

शेवटच्या पानावर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरात छापा. सरकारी केंद्रात तपासणी आणि एआरटीची औषधं मोफत मिळतात, गरोदरपणी वेळेत औषध घेतलं तर बाळाची लागण बहुतेक वेळा टळते, हेही सांगा.

आणि कुणाची गोष्ट घ्यायचीच असेल, तर छापण्याआधी तिला वाचून दाखवा. ती ‘नको’ म्हणाली, तर ते पान कोरं राहिलं तरी चालेल.