जपानी बालपुस्तके सोपी असतात का?

पुण्यात जपानी शिकणाऱ्या अनेकांचा समज असतो, की मुलांची पुस्तके म्हणजे पहिली पायरी. हा समज स्वाभाविक आहे, पण अपुरा. शाळेत जाणाऱ्या जपानी मुलाला हजारो शब्द आधीच कानांनी ठाऊक असतात. त्याला फक्त अक्षरे नवी असतात. आपले नेमके उलट असते. नुकती मराठी शिकलेल्या तमिळ माणसाला 'फास्टर फेणे' दिला, तर अक्षरे लागतील, पण बोलीतले शब्द अडतील, तसेच हे.

शिवाय अगदी लहान मुलांची पुस्तके केवळ हिरागानात (उच्चार दाखवणारी लिपी) असतात. कान्जी (अर्थवाहक चिन्हे) नसल्याने सारख्या उच्चाराचे शब्द ओळखणे उलट कठीण जाते. 'वाकुवाकु', 'पेकोपेको' असे अनुकरणवाचक शब्दही पानोपानी येतात, आणि ते पाठ्यपुस्तकांत फारसे भेटत नाहीत.

म्हणून प्राथमिक व्याकरण झाल्यावर थोड्या मोठ्या मुलांची मालिका घ्यावी. युताका हारा यांची 'काइकेत्सु झोरोरी' ही 1987 पासूनची कोल्ह्याची मालिका उत्तम. तिच्यात कान्जीवर फुरिगाना (बारीक अक्षरांतला उच्चार) असतो. मालिकेचा खरा लाभ पुनरावृत्तीत आहे: तीच पात्रे, त्याच लकबी, तेच शब्द. पहिला भाग सर्वांत जड जातो, तिसऱ्यापर्यंत शब्दकोश कमी लागतो. तेव्हा पहिल्याच भागावर पुस्तक मिटू नये.