पॉट-लिमिट ओमाहा : मोठ्या पणाचा अर्थ

पत्त्यांच्या खेळाचा विचार भाषाशास्त्राच्या पत्रिकेत का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, पोकरमध्ये लावलेला पण ही एक उक्तीच होय. ‘माझी पाने प्रबळ आहेत’ असे ती सांगते. परंतु ते खरे मानावे की नाही, हे प्रतिपक्षास त्या उक्तीच्या एरवीच्या उपयोगावरून ठरवावे लागते.

ओमाहा या प्रकारात प्रत्येकास चार पाने मिळतात व पटावर प्रथम तीन, मग एक, शेवटी एक अशी पाच पाने उघडली जातात. स्वतःची नेमकी दोन आणि पटावरील तीन पाने घेऊनच हात सिद्ध करावयाचा असतो. पणाची कमाल मर्यादा म्हणजे त्या वेळी मध्यभागी जमलेली रक्कम, अर्थात पॉट. पॉट १०० असता कोणी १०० लावले, तर प्रतिपक्षास २०० मिळविण्यासाठी १०० घालावे लागतात. तीनांत एकदा जिंकूनही त्याचे भागते. पण ५० चा असेल तर चारांत एकदा जिंकणे पुरते.

आता पटावर तीन वेगवेगळ्या रंगांची नव्वी, अठ्ठी व दुर्री आहे असे समजू. ज्याच्या हाती दोन नव्व्या आहेत, त्याचा हात या घटकेस सर्वश्रेष्ठ होय. परंतु गुलाम, दश्शी, सत्ती व छक्की बाळगणाऱ्यास न दिसलेल्या ४५ पानांपैकी २० पाने लागोपाठ पाचांचा क्रम जुळवून देतात. पुढच्याच पानावर ही शक्यता ४४ टक्के, तर दोन पानांत मिळून सुमारे ७० टक्के आहे. तेव्हा मोठ्या पणाने त्याला हुसकावता येईल ही समजूत व्यर्थ होय. पण लावावयाचा तो त्याच्याकडून पुरती किंमत घेण्यासाठी. उलट, त्या २० पैकी १४ पानांनीच त्या वेळचा श्रेष्ठतम क्रम बनतो, हे क्रमाची आशा धरणाऱ्यानेही विसरता कामा नये. दुय्यम क्रमावर पॉट फुगविणे महागात पडते.

शेवटचे पान उघडल्यावर आशेचा प्रश्न उरत नाही. उरतो तो केवळ अर्थाचा. जो केवळ उत्तम हातावरच पूर्ण पण लावतो, त्याच्या पणापुढे जाणता प्रतिपक्ष पाने टाकून देतो. जो वारंवार हूल देतो, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. गणिताने येणारे प्रमाण दोन खऱ्या पणांमागे एक हूल असे आहे. त्या वेळी प्रतिपक्षास बरोबरी करणे व पाने टाकणे सारखेच ठरते. हुलीची अशी गणिती चिकित्सा न्यूमन व मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात केली आहे.

हुलीसाठी हात कोणता निवडावा? पटावर इस्पिकची तीन पाने आहेत आणि आपल्या हाती इस्पिकचा केवळ एक्का आहे, अशी स्थिती घ्या. दुसरे इस्पिक नसल्याने आपला रंग जुळत नाही. तथापि एक्का आपल्याकडे असल्यामुळे सर्वोच्च रंग इतर कोणाकडेही असू शकत नाही. आपली उक्ती असत्य असली, तरी तिचे खंडन करणारे पान प्रतिपक्षाजवळ नाही.

सारांश, मोठा पण लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : हा हात पुढे काय होऊ शकतो, आणि हेच वाक्य मी आणखी कोणकोणत्या हातांवर उच्चारतो? चिन्हाचा अर्थ एका प्रयोगात नसून त्याच्या सर्व प्रयोगांत असतो, हे तत्त्व येथे तत्काळ पैशांत मोजले जाते.