हलणार कोण?

आमच्या काही विद्यार्थ्यांनी हवामानबदलावर एक मिनिटाचा हाताने रेखाटलेला अ‍ॅनिमेशनपट आणि त्याच विषयावरील पुस्तिकेचे मुखपृष्ठ करायला घेतले. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी मिनिटाला ७२० चित्रे होतात. म्हणून पार्श्वभूमी एकदाच काढतात; हलते तेवढेच पुन्हा पुन्हा काढतात.

पहिल्या आराखड्यात रागावलेला सूर्य हलत होता. वीटभट्टीवरची बाई मात्र पार्श्वभूमीत गोठलेली. मी विचारले, ‘हिचा हात का हलत नाही?’ उत्तर आले, ‘चित्रे वाढतील, सर.’

आता, पृथ्वी तापते आहे ती काही सूर्य भडकला म्हणून नव्हे. कोळसा आणि तेल जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतो. म्हणजे सूर्याला खलनायक करण्यात शास्त्रही नव्हते आणि न्यायही नव्हता. सूर्य स्थिर झाला. बाईचा हात हलू लागला, चिमणीचा धूरही.

मुखपृष्ठाचे काम अधिक अवघड, कारण तिथे चित्र एकच. ग्रेटा थुनबर्ग यांच्या ‘द क्लायमेट बुक’वर (२०२२) शास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांचे पट्टे आहेत: एक पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड ते निळे, उष्ण ते लाल. एकही आकडा न लिहिता तापमानवाढ डोळ्यांत भरते, हे मान्यच. पण ती सरासरी आहे. ऊन कोणाच्या पाठीवर पडते, हे त्यात दिसत नाही.

मुलांनी पट्टे ठेवले. शेवटचा लाल पट्टा मात्र पत्र्याच्या छपराचा काढला. तो काढणारी मुलगी तशाच छपराखाली अभ्यास करते.