मधुबनचं पाणी उतरतं तेव्हा

सिल्वासाचा किलवणी नाका आणि कारखान्यांची वर्दळ मागे टाकून खानवेलच्या रस्त्याला लागलं की हळूहळू साग सुरू होतो. खानवेलला साकरतोड नदी भेटते. तिथून पुढे वळणावळणाच्या रस्त्याने दुधनी गाठली की डोंगरांच्या घळींमध्ये दूरवर शिरलेलं मधुबन धरणाचं पाणी दिसतं. भिंत मात्र इथून दिसत नाही. ती खाली गुजरातच्या हद्दीत आहे.

पर्यटक येतात ते होडीत बसायला. होड्यांना छप्पर असतं, आत गाद्या असतात. उन्हाळ्यात मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते त्या बांधायचे खुंटे. पाणी उतरेल तसा होड्यांचा मुक्कामही खाली सरकवावा लागतो. होडीवाला जुना खुंटा दोन्ही हातांनी हलवून उपटतो, उतारावरून खाली येतो आणि टाचेने जमीन दाबून बघतो. गाळ लागला तर बाजूला सरकतो. घट्ट माती सापडली की दगडाने खुंटा ठोकतो, दोर गुंडाळतो आणि अंगाचा भार टाकून ओढून बघतो. जुन्या खुंट्यांची भोकं उतारावर एकाखाली एक राहिलेली असतात. त्यातल्या वरच्या एका भोकाकडे बोट करून तो म्हणाला, “दादा, होळीला पाणी इथं होतं.”

होडी सुटल्यावर त्याची नजर डोंगरावर नसते, पाण्यावर असते. खाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत. उथळ भागात तो इंजिन बंद करतो आणि बांबू खाली घालून तळ चाचपतो. आपण बेटं म्हणून ज्यांचे फोटो काढतो ते टेकड्यांचे माथे आहेत. त्यांच्यामधल्या सखल जमिनी, वारली-कोकणा कुटुंबांची शेतं, पाण्याखाली गेली. दुधनीच्या देखाव्याचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं, असं मला वाटतं.

मधुबन धरण दमणगंगेवर आहे. ही नदी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि सुमारे 131 किलोमीटर वाहून दमणला समुद्राला मिळते. धरण गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमण यांच्या संयुक्त प्रकल्पातलं. कालव्यांनी शेतीला, वापी-सिल्वासाच्या उद्योगांना, शहरांच्या नळांना पाणी जातं. पूर्ण भरल्यावर पातळी 79.86 मीटर; पण ऐन पावसाळ्यात पुरासाठी जागा ठेवायची म्हणून ती मुद्दाम खाली राखतात. जास्तीचं पाणी दरवाजांतून सोडलं की सिल्वासा, वापी, दमणच्या नदीकाठाला सावध राहावं लागतं. दुधनीचा काठ कुठे असेल हे असं दूरवरच्या गरजांवर आणि दूरवरच्या धोक्यावर ठरतं.

आजूबाजूचं जंगलही पर्यटकांच्या वाटेवर आहे. सातमालियाला सांबर-चितळ, वासोण्याला सिंहांची सफारी. सुमारे 92 चौरस किलोमीटर जंगल 2000 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. पण सफारीत वेळ घालवण्यापेक्षा दुपारी दुधनीच्या काठावर थांबावं. उघड्या पडलेल्या तांबड्या उतारावर गुरं चरत असतात. बायका हंडे घेऊन खाली येतात आणि पाणी जितकं मागे सरकलं असेल तितकी चढण जास्त चढून परत जातात. उताराला पायऱ्या नाहीत. ओल्या मातीत पाय आडवा रोवून, एक हात हंड्याला लावून त्या चढतात.

दमणगंगा-पिंजाळ जोडणीच्या आराखड्यात याच खोऱ्यात वरच्या अंगाला भुगड आणि खारगीहिल अशी आणखी दोन धरणं आहेत. त्यांचं पाणी बोगद्यांतून मुंबईसाठी न्यायचं आहे. या खोऱ्यातला मोखाडा-जव्हारचा पट्टा पावसाळ्यात धो धो भिजतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. मुंबईला पाणी लागतं, हे मान्यच. पण बोगद्यांच्या नकाशात काठावरच्या पाड्यांपर्यंत पाणी उपसून चढवणारी पाइपलाइन आधी आखली पाहिजे, आणि तिचा खर्च धरणाच्या खर्चातच धरला पाहिजे.